बेडरेस्टवर ॲडमिट झालीयेस ना, मग एवढं कर

अगं, वार (प्लॅसेंटा, ज्यातून बाळाला पोषण मिळतं) गर्भाशयात खाली असल्याने मीपण गरोदरपणाच्या २९व्या आठवड्यापासून ३५व्यापर्यंत ॲडमिट होते, त्यामुळे तुम्हा नवराबायकोची घालमेल कळतेय. सुरुवातीला एवढंच बघा:

१. डिलिव्हरीपर्यंतचे सगळे दिवस मोजत बसू नका, फक्त पुढचा आठवडा गाठायचा.

२. ब्लीडिंग, पाणी जाणं, पोट कडक होणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, काहीही झालं की लगेच बेल दाब, रात्रीचे ३ वाजले असले तरी. सिस्टरला कशाला त्रास म्हणून मी एकदा पहाटेपर्यंत गप्प पडून राहिले, ही चूक तू अजिबात करू नकोस.

३. पायात गुठळी होऊ नये म्हणून पावलं वरखाली हलवत राहा, उठायचं किती ते डॉक्टरांनाच विचार.

आणि नवऱ्याला रोज रात्री खुर्चीत झोपू देऊ नकोस गं, आई, सासूबाई, बहीण आळीपाळीने येऊ देत, तो आजारी पडला तर सगळंच अडतं. नोकरी असेल तर गरोदरपणातल्या आजारासाठी प्रसूती रजेशिवाय आणखी १ महिन्यापर्यंत पगारी रजा कायद्यात आहे, डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागेल, ते काम त्याच्याकडे दे. एनआयसीयूबद्दल (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) गूगल करणं आत्ता नको, वेळ आली तर तेव्हा बोलू.