पावसाळ्यात पाठीवर शिबे उठले आहेत, टाकळ्याचा पाला वाटून लावला तर जातील का?

टाकळ्याला संस्कृतात दद्रुघ्न म्हणतात, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा. त्यात क्रायसोफॅनॉल नावाचं द्रव्य असतं, ते बुरशीला मारक आहे. पण शिबे म्हणजे गजकर्ण नव्हे. शिबे मॅलासेझिया या यीस्टमुळे, म्हणजे एका वेगळ्या प्रकारच्या बुरशीमुळे होतात, तेव्हा टाकळ्याने जातीलच असं नाही. ते एरवीही आपल्या कातडीवर असतंच, कोकणातल्या दमट हवेत आणि घामात फोफावतं. डागावर नख फिरवा, कोंड्यासारखा बारीक भुसा निघेल.

आणि कृपा करून त्यावर खोबरेल चोळू नका! आमच्या रत्नागिरीकडे पहिला हात त्या बाटलीकडेच जातो. मॅलासेझियाला जगायला तेलातली स्निग्धाम्लंच लागतात, आणि खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल, तेही स्निग्धाम्लच.

टी ट्री तेलातला टर्पिनेन-४-ऑल हा घटक या यीस्टवर चालतो, पण तेल नुसतं लावलं तर कातडीची जळजळ होऊ शकते. हळदीतलं कर्क्युमिन कातडीत फारसं मुरत नाही. मी तरी डॉक्टरांना दाखवून किटोकोनॅझोल हे बुरशीनाशक औषधच लावेन.

यीस्ट मेलं तरी पांढरे डाग काही महिने राहतात, कारण त्याच्या अझेलाइक आम्लाने रंग बनणं मंदावलेलं असतं. तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं समजू नका.