गेम सुरू करण्याआधी कंपास हातात द्या

ताई, भूशास्त्राच्या तासाला भूकंपाचा सिम्युलेशन गेम घेणार म्हणालात, फार बरं वाटलं. फक्त पहिल्याच दिवशी मुलांना थेट कॉम्प्युटरवर बसवू नका. मी तेच केलं होतं. मुलं तासभर क्लिक करत राहिली, पण भूकंपाची जागा शोधायला तीन वर्तुळं कशाला लागतात, हे एकालाही सांगता आलं नाही.

आधी कागदावर नकाशा द्या. जळगाव, धुळे, नंदुरबार ही भूकंप नोंदवणारी तीन केंद्रं धरा. भूकंपाची आधी पोहोचणारी पी लहर सेकंदाला साधारण 6 किलोमीटर धावते, मागून येणारी एस लहर साडेतीन. म्हणून दोघींच्या केंद्रावर पोहोचण्यातल्या दर सेकंदाच्या फरकाला अंतर सुमारे 8 किलोमीटर. फरक 10 सेकंदांचा असेल तर भूकंप 80 किलोमीटरवर. कंपासने केंद्राभोवती तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढायचं. पण कोणत्या दिशेला? एका वर्तुळाने ते कळत नाही. दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात. तिसरं काढताना वर्ग एकदम शांत होतो, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, "सर, आते काय व्हई?" तेव्हा गेम उघडा.

'रन' दाबण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज वहीत लिहून घ्या. हे अजिबात टाळू नका. अंदाज चुकला की मूल खरं शिकतं.

मशिनं कमी असली तरी चालतं, तिघांत एक उलट बरं. लाईटचा भरवसा नाही, तेव्हा कागदी नकाशे तयार ठेवा.

आणि एक दिवस धुळ्याकडच्या डाईकच्या, म्हणजे जमिनीच्या भेगांत वितळलेला खडक थिजून झालेल्या भिंतींच्या, काळ्या रांगा दाखवायला न्याच. स्क्रीनवरचा लाव्हा पाहिलेली पोरं त्या दगडाला हात लावतात, ते बघाच.