राउट ‘टाकला’ की ‘बसला’?

प्रश्न असा आला आहे: अंधेरीच्या एका क्लाससाठी राउटर कॉन्फिगरेशनच्या मराठी नोट्स लिहिताना ‘स्थिर मार्ग स्थापित केला’ असं लिहावं, की मुलं बोलतात तसं ‘राउट टाकला’? (राउट म्हणजे डेटाने कुठल्या वाटेने जायचं, याची राउटरमधली नोंद; ती हाताने दिली की स्टॅटिक राउट.)

‘राउट टाकला’च लिहा. कमांड लाइनवर काम करणाऱ्या मुंबईकराच्या तोंडी नामं जवळजवळ सगळी उसनी असतात, पण क्रियापदं अस्सल मराठी असतात आणि ती उगाच येत नाहीत. कमांड ‘मारतात’, राउट ‘टाकतात’, ॲक्सेस लिस्ट (कुठला डेटा जाऊ द्यायचा याची यादी) इंटरफेसवर, म्हणजे राउटरच्या पोर्टवर, ‘लावतात’, ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवायची पद्धत) ‘चालू करतात’. ‘स्थापित करणे’ या एकाच शब्दात हे सगळं कोंबलं, तर विद्यार्थ्याच्या हातातला फरकच निघून जातो.

नोट्समध्ये सर्वांत जपायची जोडी म्हणजे ‘टाकणे’ आणि ‘बसणे’. समजा, सिस्कोच्या राउटरवर तुम्ही ‘आयपी राउट १०.२०.०.० २५५.२५५.०.० १९२.०.२.१’ अशी ओळ दिली. म्हणजे १०.२०.०.० या नेटवर्ककडे १९२.०.२.१ मार्गे जा. राउट टाकून झाला, रनिंग कॉन्फिगमध्ये, म्हणजे राउटरच्या चालू सेटिंगमध्ये, ती ओळ दिसेलही. पण १९२.०.२.१ पर्यंत पोचायची वाटच नसेल, तर ‘शो आयपी राउट’ या कमांडने दिसणाऱ्या, प्रत्यक्ष वापरातल्या राउटच्या टेबलात तो दिसत नाही. राउट टाकलाय, पण टेबलात बसलेला नाही. नवशिक्यांचा अर्धा गोंधळ इथेच होतो, आणि इंग्रजी पुस्तकाला जे समजवायला परिच्छेद लागतो ते आपल्याकडे दोन क्रियापदांत उरकतं.

त्याच ओळीच्या शेवटी २०० हा आकडा जोडून बघा. हे त्या राउटचं अंतर (ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स), म्हणजे लांबी नव्हे, पसंतीचा आकडा. अंतर कमी तो राउट आधी बसतो: साध्या स्टॅटिक राउटचं १, ओएसपीएफचं ११०. त्यामुळे ओएसपीएफकडून तेच नेटवर्क येत असेपर्यंत आपला २००वाला राउट नुसता टाकलेला राहतो. ओएसपीएफचा राउट गेला की हा बसतो. अशा राउटला इंग्रजीत ‘फ्लोटिंग स्टॅटिक’ म्हणतात; त्याला ‘तरंगता मार्ग’ म्हणून काहीच कळत नाही. ‘टाकून ठेवलेला राउट’ म्हटलं की लगेच कळतं.

‘काढणे’ आणि ‘जाणे’ हीसुद्धा तशीच जोडी. पुढे ‘नो’ लावून तीच कमांड मारली, तर राउट काढला. लिंक पडली, तर राउट गेला. रात्रपाळीच्या नोंदवहीत ‘राउट काढला’ वाचणारा आधी कोणी काढला ते विचारेल, ‘राउट गेला’ वाचणारा केबल आणि पोर्ट बघेल. ‘राउट नाही’ एवढंच लिहिणं मला तरी निष्काळजीपणाचं वाटतं.

उच्चाराचंही विचारलं होतं. बेस्टच्या बसचा ‘रूट’ मुंबईत रुळलेला आहे, पण नेटवर्कच्या नोट्समध्ये ‘राउट’च ठेवा, तिथे ‘मूळ’ या अर्थाच्या दुसऱ्याच ‘रूट’चे रूट युजर आणि रूट ब्रिज हे शब्द आधीच बसलेत. लिंग पुल्लिंगी, ‘रस्ता’सारखं: तो राउट. ‘कमांड’ मात्र ‘आज्ञा’सारखी स्त्रीलिंगी.

तेव्हा तुमचं वाक्य असं करता येईल: ‘स्टॅटिक राउट टाका आणि तो टेबलात बसला का, हे शो आयपी राउट मारून बघा, ओळीच्या सुरुवातीला एस (स्टॅटिकची खूण) दिसला पाहिजे.’