भांडत नाही, अबोला धरतो

“ताई, आम्ही मुलासमोर आवाजसुद्धा चढवत नाही. तरी शाळेच्या वेळेला याचं पोट दुखतंच.”

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेलं, बडोद्यात, दांडिया बाजारात राहणारं जोडपं (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत). मुलगा नऊ वर्षांचा. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. तपासणी आधी करून आले, हे चांगलंच केलं.

आवाज चढत नव्हता, हे खरं. अबोला चालायचा, चार-चार दिवस. नवऱ्याला त्याच्या आईसोबत जुन्या घरातच राहायचं होतं, बायकोला गोत्री भागात फ्लॅट हवा होता. त्या दिवसांत सगळा व्यवहार मुलामार्फत. “बाबांना विचार, वाढू का?” “आईला सांग, डबा नको.” वर आजी: “काय म्हणत होती रे तुझी आई?”

1950च्या दशकात अमेरिकेत अख्खी कुटुंबं दवाखान्यात ठेवून अभ्यासणारे मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यालाच त्रिकोण म्हणत. दोघांतला ताण सोसेना की तिसरा मध्ये ओढला जातो. दोघांना हलकं वाटतं, भार तिसऱ्यावर जातो. आपल्याकडे तो तिसरा बहुधा घरातला सर्वांत समजूतदार मुलगा असतो, आणि त्याचं कौतुकही होतं!

मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक डेव्हिस आणि मार्क कमिंग्ज यांनी 1994मध्ये मांडलं की आईवडिलांच्या तंट्यात मुलाला खरी धास्ती असते ती घर टिकेल की नाही याची. धुसफूस, रुसवा मुलांना कळतोच. भांडण मिटलेलं दिसलं, तर मात्र त्यांचा जीव बराच भांड्यात पडतो. अबोल्यात मिटणं दिसतच नाही.

मी सांगितलं, निरोप बंद. बोलवत नसेल तर मोबाइलवर लिहा. आणि मुलाला स्पष्ट सांगा: घरावरून आमचं पटत नाहीये, ते आम्ही बघू, तुझं काही चुकलेलं नाही.

वडील कुरकुरले, “एवढ्याशा पोराला कशाला?”

पण सांगितल्यावर तो म्हणाला, “मला वाटलं, माझ्या गणिताच्या मार्कांमुळे.”

आता आजीने विचारलं की तो म्हणतो, “तूच विचार ना आईला.” आजीला ते उद्धट वाटतं, मला नाही. पोटदुखी कमी झालीय, गेलेली नाही. फ्लॅटचंही ठरलेलं नाही. पुढच्या वेळी दोघांनाच बोलावलंय, मुलाला घरी ठेवून.