लातूरला राहून व्यापार-उद्योगाच्या अर्थशास्त्रात संशोधन जमतं का?

तुम्ही विचारलंय, अर्थशास्त्रात एम.ए. झालंय, व्यापार आणि उद्योग हाच विषय आवडतो, पण पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय यात काही होतं का? मी लातूर जिल्ह्यात बरीच वर्षं हाच विषय शिकवतोय. होतं, नक्की होतं.

कागदपत्रांचं आधी उरकतो. एम.ए.ला 55 टक्के, मग नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची नाही, पण तुम्हाला संशोधनच करायचंय तर कराच. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर उत्तम, नाहीतर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थाही शिष्यवृत्ती देतात, त्यांपैकी जिथे बसता तिथे अर्ज भरा. आणि घरी आधीच सांगून ठेवा की सुरुवातीची वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर शिकवण्यात जातात. माझी सात गेली. मानधन सहा-सहा महिने थकायचं, फार त्रास झाला.

आता विषयाचं. माझी पीएच.डी. डाळ मिलवर. पहिलं प्रकरण ग्रंथालयात बसून लिहिलं, तर मार्गदर्शक सरांनी ते परत दिलं आणि म्हणाले, मोंढ्यात जाऊन या. गेलो. मोंढा म्हणजे धान्यबाजार, तिथे सौदा चालू होता. खरेदीदारानं तुरीच्या ढिगात हात घातला, एक दाणा दाताखाली फोडून ओल पाहिली आणि भाव बोलला. शेतकरी म्हणाला, "काल तर दोनशेनं जास्त होता की वो!" आडत्या, म्हणजे मधला दलाल, म्हणाला, "बंदरावर माल उतरलाय, मालक." म्यानमार-मोझांबिकची तूर आली की इथला भाव हलतो, हे वाचलं होतं, समजलं त्या दिवशी. पुढे मी तेच काम केलं: ऑगस्ट 2017 मध्ये तुरीच्या आयातीवर मर्यादा आली, मे 2021 मध्ये आयात खुली झाली, त्या दोन्हींच्या आगेमागचे बाजार समितीचे रोजचे भाव लावून पाहिले.

आकडे वापरताना एक जपा. सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीत विजेवर चालणारा कारखाना साधारण 10 कामगार असतील तरच येतो. आठ माणसांची डाळ मिल तिथे दिसतच नाही, ती तुम्हालाच दारात जाऊन मोजावी लागते. इथल्या माणसाला ते सोपं जातं, ओळखी निघतात. डाळ नको असेल तर जालन्याचं स्टील आणि बियाणं आहे, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजचे, गाड्यांचे सुटे भाग करणारे लघुउद्योग आहेत.

पुण्याला महिनाभर जा, पण गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयासाठी. पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलांच्या नादी लागू नका. विषयाचा दोन पानी आराखडा झाला की इथेच टाका, मी वाचून सांगतो.