माईचं तूप आणि इन्सुलिनची बाटली

प्रिय रेवा,

मंगळवारी गाडीत तू विचारलंस, "आई, इंडियात लोक खरंच गाईची शू पितात? तूपण प्यायलीस?" वर्गात कुणीतरी चिडवलं होतं. पण तू आधी खिडकीची काच वर केलीस आणि मग विचारलंस, तेच मला जास्त लागलं. गाडीत धड बोलता आलं नाही, म्हणून हे लिहितेय. कंटाळा आला तर सोडून दे.

मी नाही प्यायले. पण आमच्या घरात गोमूत्र यायचं. दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण मिळून पंचगव्य. श्रावणीला जानवं बदलताना नाना आणि मामा ते पळीभर तळहातावर घ्यायचे, आणि मामाचं तोंड कसं होतं ते बघायला आम्ही बहिणी दाराआड उभ्या. मुलींना ते नसायचं. तेव्हा सुटलो म्हणायचो, आता जरा खुपतं. सुतक फिटलं की घरभर गोमूत्र शिंपडायचे. रोज उठून चहासारखं पिणारं आमच्या वाड्यात तरी कुणी नव्हतं.

माईचा जीव तुपात. उन्हाळा लागला की ती शतधौत घृत करायला बसायची, म्हणजे शंभर वेळा धुतलेलं तूप. कसबा पेठेत आमचा वाडा तांबट आळीला लागूनच, दिवसभर ठोकाठोक ऐकू यायची, तांब्याच्या परातीला काही तोटा नव्हता. परातीत वाटीभर साजूक तूप घ्यायचं, वर गार पाणी ओतायचं आणि तांब्याच्या बुडाने गोल गोल फेसायचं. पाणी टाकून द्यायचं, नवं घ्यायचं. मोजायला मी आणि तुझी मावशी, चिंचोके घेऊन. हळूहळू तुपाचा पिवळेपणा जायचा, मग वास जायचा, आणि शेवटी पांढरंशुभ्र, बोटाला गार लागणारं मलम उरायचं. मावशी मधूनच दोन चिंचोके जास्तीचे सरकवायची. माईला दिसायचं, पण ती बोलायची नाही. तिचाही हात भरून येत असणार.

टाचांच्या भेगा, घामोळ्या, उन्हाने भाजलेले गाल, सगळ्याला तेच. चटका बसला तरी तेच लावायची. ते मात्र तू करू नकोस, भाजलं की हात आधी गार नळाखाली. थंडीत झोपताना नाकात कोमट तुपाचे दोन थेंब, पोट बिघडलं की ताक, हे औषध आहे असं आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही. इथल्या हिवाळ्यात तुझ्या ओठांना मी लावते तेही तूपच.

चरकसंहितेत पंचगव्य घृत अपस्मारावर, म्हणजे फिट्सवर, सांगितलंय. वैद्य औषधी तूप देतात ते प्रकृती बघून, माप ठरवून. पण कुठल्याही रोगावर गोमूत्र अर्काची बाटली प्या म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. कच्च्या गोमूत्रात जंतूही असू शकतात.

आता माईचं एक सांगते. तिला मधुमेह होता. गाईला घास घातल्याशिवाय ती जेवायला बसत नसे, आणि त्याआधी दंडात इन्सुलिन टोचून घ्यायची. त्या काळी बरंचसं इन्सुलिन गाईच्या नाहीतर डुकराच्या स्वादुपिंडातून काढायचे, कत्तलखान्यातून आणलेल्या. ते सापडलं आपल्या टोरांटोतच, 1921 साली, बँटिंग आणि बेस्ट यांना. जानेवारी 1922 मध्ये ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं, तेही बैलाच्या स्वादुपिंडातलं होतं. माईला हे माहीत होतं की नाही, देव जाणे. मला वाटतं डॉक्टरांनी सांगितलं असतं तरी तिने दंड पुढे केला असता. कदाचित नसताही.

गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं हार्मोनचं औषधही इथल्या दुकानात ऐंशी वर्षांहून जास्त काळ मिळतंय. हे वर्गातल्या त्या चिडवणाऱ्या मुलाला ऐकवलंस तर मला आतून गुदगुल्याच होतील. पण खरं सांगायचं तर दोन्ही सारखं नाही. ते शुद्ध करून, मोजून, तपासून देतात, आणि अर्काच्या बाटलीबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

तुला हवं तर एखाद्या शनिवारी तूप धुऊन बघू. परात नाही आपल्याकडे, मामाला आणायला सांगता येईल. नको असेल तर राहू दे, मी विचारत बसणार नाही.

फक्त मामासमोर गोमूत्राचा विषय काढू नकोस. अमेरिकेने 2002 साली गोमूत्राच्या अर्काला पेटंट दिलं, हे तो दर वेळी काढतो. दिलंय, खरं आहे, अर्क आणि अँटिबायोटिक एकत्र असलेल्या औषधाला. पण पेटंट मिळालं म्हणजे रोग बरा झाला असं नाही, एवढं म्हणायला मी तोंड उघडलं की आमटी गार होईपर्यंत दोघं भांडतो.

तुझी,
आई