दुरुस्ती मुळापर्यंत पोहोचली पाहिजे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. लिनक्स प्रणालीचा गाभा असलेला कर्नल आणि विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारे वाइन यांत स्वतः बदल करून तू लिनक्सची जी आवृत्ती, म्हणजे डिस्ट्रो, तयार केली आहेस, तिच्यावर तुझ्या वसतिगृहातील मुले खेळतात, हे वाचून बरे वाटले. पण त्याच पत्रात, खोलीतील मित्र लिनक्सवर न चालणाऱ्या व्हॅलोरंट या खेळासाठी विंडोजकडे परतले आणि लिनक्सचा वाटा इतका लहान आहे, तर या क्षेत्रात आयुष्य घालावे की एखाद्या स्टुडिओची नोकरी धरावी, असे तू विचारतोस. मुक्त सॉफ्टवेअर का महत्त्वाचे आहे, हे तुला समजावून सांगण्याची गरज नाही. तुझ्या पत्रातील दुसऱ्याच एका वाक्याने मला अस्वस्थ केले. माउस खेळाच्या खिडकीत अडकून पडण्याचा दोष तू शोधलास, दुरुस्त केलास आणि ती दुरुस्ती 'आपल्या डिस्ट्रोचे वैशिष्ट्य' म्हणून जवळ ठेवलीस. हे करू नकोस. ती वाइनच्या मूळ प्रकल्पाकडे पाठव.

आकड्यांचे आधी उरकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे विंडोज १० चा आधार संपला त्याच महिन्यात, संगणकावरील खेळ विकणाऱ्या स्टीमच्या सर्वेक्षणात लिनक्सचा वाटा पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या वर गेला. हा आकडा उद्या ५ झाला किंवा पुन्हा २ वर आला, तरी तुझ्या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. वाटा वाढतो आणि घटतो. मूळ प्रकल्पात एकदा स्वीकारला गेलेला बदल मात्र तो लिहिणारा निघून गेल्यावरही चालत राहतो, आणि या क्षेत्राचे भवितव्य मी त्यावरूनच मोजते.

तुझ्या जन्माआधीची दोन उदाहरणे घे. लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी १९९८ मध्ये लिनक्सवर व्यावसायिक खेळ आणण्यासाठी निघाली आणि २००२ च्या आरंभी बंद पडली. तिने आणलेले खेळ आज कोणाला फारसे आठवत नाहीत. पण तिथेच काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांनी सुरू केलेली एसडीएल ही लायब्ररी खुली होती, म्हणून ती कंपनीबरोबर बुडाली नाही. आज असंख्य खेळांची खिडकी, ध्वनी आणि गेमपॅड तीच सांभाळते. दुसरे उदाहरण ट्रान्सगेमिंग या कंपनीचे. त्यांनी तेव्हाच्या सैल परवान्याखालील वाइन घेतले, त्यात डायरेक्टएक्ससाठी, म्हणजे विंडोजवरील खेळ ज्या ग्राफिक्स सोयींवर चालतात त्यांच्यासाठी, मोलाची भर घातली आणि तिचा मोठा भाग स्वतःकडेच ठेवला. वाइनने २००२ मध्ये, बदललेला कोड वाटताना तोही खुला ठेवायला लावणारा एलजीपीएल परवाना स्वीकारला, त्यामागे हे एक मोठे कारण होते. त्यांची सेडेगा ही सेवा २०११ मध्ये बंद झाली. तिच्यावर खपलेल्या बुद्धिमान माणसांच्या श्रमांपैकी किती आज तुझ्या संगणकावर चालत असतील? जवळजवळ काहीच नाही. दोन्ही कंपन्या गेल्या. जे मुळापर्यंत पोहोचले होते तेवढेच उरले.

आता तू म्हणशील की स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे प्रोटॉन हासुद्धा वाइनचा फोर्कच, म्हणजे वेगळी काढलेली प्रतच, आहे आणि डीएक्सव्हीके तर सर्वस्वी वेगळा प्रकल्प आहे, मग माझ्या आग्रहाला अर्थ काय? हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो अर्धवट वाचनातून येतो, असे माझे स्पष्ट मत आहे. फिलिप रेबोले यांना निअर: ऑटोमाटा हा खेळ लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्यांनी डायरेक्टएक्समधील चित्रे रेखाटणाऱ्या डायरेक्ट३डी ११ च्या आज्ञा व्हल्कन या खुल्या ग्राफिक्स मानकात उतरवणारे डीएक्सव्हीके लिहायला घेतले, २०१८ मध्ये व्हॉल्व्हने त्यांना त्याच कामासाठी नेमले आणि ऑगस्टमध्ये प्रोटॉन जाहीर झाले. पण गोष्ट इथे थांबली नाही. डायरेक्ट३डीमधील स्ट्रीम आउटपुट या सोयीशी जुळणारे व्हल्कनमध्ये काहीच नव्हते, त्यामुळे काही खेळांत प्राणी आणि पात्रे दिसतच नसत. या मंडळींनी आपल्यापुरती तात्पुरती युक्ती करून वेळ मारून नेली नाही. गरज थेट व्हल्कनच्या मानकापर्यंत नेण्यात आली, त्याच वर्षी ती उणीव भरणारे ट्रान्सफॉर्म फीडबॅकचे एक्स्टेंशन मानकाला जोडले गेले आणि मेसा या मुक्त ग्राफिक्स प्रकल्पातील ड्रायव्हरांनी ते राबवले. वेगळा प्रकल्प काढणे हा गुन्हा नाही. सापडलेली उणीव जिथली आहे तिथपर्यंत न नेणे, हे मात्र मला सहन होत नाही.

विंडोजच्या खेळांना लागणारी एकमेकांसाठी थांबण्याची सोय लिनक्सच्या कर्नलमध्येच देणाऱ्या एनटीसिंकचा इतिहास तर तू बारकाईने अभ्यासावास, कारण तुझ्या कर्नलमधील अर्धे पॅच, म्हणजे कोडमधील बदल, त्याच वाटेवरचे आहेत. विंडोजवरील खेळ अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, चालवतात आणि ते थ्रेड एकमेकांसाठी इव्हेंट, सेमाफोर, म्युटेक्स नावाच्या वस्तूंवर थांबतात. वाइनमध्ये या वस्तू वाइनसर्व्हर नावाच्या स्वतंत्र प्रक्रियेकडे असत, म्हणून प्रत्येक थांबण्यासाठी तिच्याकडे खेप घालावी लागे आणि खेळ अडखळे. त्यावर आधी ईसिंक हा उपाय आला. त्याने खेपा वाचवल्या, पण प्रत्येक वस्तूला एक फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे प्रणाली मोजूनमापून देते तो क्रमांक, लागत असल्याने काही खेळ मर्यादेवर आपटत. मग एफसिंक आले, आणि त्याला आरंभी कर्नलच बदलून घ्यावा लागे. हे दोन्ही मूळ वाइनमध्ये कधीच स्वीकारले गेले नाहीत, कारण विंडोजचे वर्तन त्यांत तंतोतंत उतरत नव्हते. पुढे अनेक थांबे एकदम सांभाळणारी फ्युटेक्स_वेटव्ही ही सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे मागणी करण्याची सोय, जानेवारी २०२२ मधील ५.१६ कर्नलमध्ये आली. तरीही काही कोपरे सुटत होते. अखेर एलिझाबेथ फिगुरा यांनी लिहिलेला एनटीसिंक हा ड्रायव्हर, प्रदीर्घ चर्चेनंतर आणि पुन्हापुन्हा सुधारून, मार्च २०२५ मधील ६.१४ कर्नलमध्ये दाखल झाला आणि नंतर मूळ वाइननेही त्याचा वापर सुरू केला. मधली सगळी वर्षे 'आमच्याकडे तर ते केव्हापासून चालते' असे सांगणाऱ्या डिस्ट्रो होत्याच. त्यांनी वापरणाऱ्यांची सोय केली, हे मी नाकारत नाही. पण कोणीही विशेष काही न करता, साध्या कर्नलवर, प्रत्येकाला ती गोष्ट मिळण्यासाठी कोणालातरी परीक्षकांच्या टीकेसमोर वर्षानुवर्षे बसावे लागले. त्या बसण्याची तुझी तयारी आहे का, हे तू स्वतःला विचार. नोकरीचा प्रश्न त्यानंतर.

माझा एवढा हट्ट का, हेही सांगते. उमेदीच्या काळात मी एका कंपनीत ग्राफिक्स ड्रायव्हरवर काम करत होते. आमच्या गटाने केलेल्या दुरुस्त्या मूळ प्रकल्पाकडे पाठवण्याची परवानगी मी वारंवार मागितली आणि ती वारंवार नाकारली गेली. बाहेर ठेवलेला पॅच म्हणजे दर पावसाळ्यापूर्वी शाकारावे लागणारे छप्पर. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर आम्ही तेच काम पुन्हा करत असू. पुढे ते उत्पादन गुंडाळले गेले, शाखा कुठल्याशा सर्व्हरवर राहिली, आणि मी लिहिलेली एक ओळही आज तुला दाखवता येत नाही. याचे दुःख अजून ओसरलेले नाही. म्हणून पुढची नोकरी कमी पगाराची घेतली, पण मूळ प्रकल्पात काम पाठवण्याचा अधिकार करारात लिहून घेतला. घरच्यांना तो हेकेखोरपणा वाटला. तो हेकेखोरपणा असेलही. परंतु त्यानंतर मी केलेले काम अनोळखी माणसांच्या संगणकांवर चालते आहे, आणि त्या निर्णयाबद्दल मला आजही कोणाची क्षमा मागावीशी वाटत नाही.

खेळातील फसवणूक रोखणाऱ्या अँटी-चीट प्रणालींबद्दल तुझी चीड मला समजते, पण तिथे माझे तत्त्व पुरत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या अशा दोन प्रणालींनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी दार उघडले, मात्र ते वापरायचे की नाही हे प्रत्येक खेळाच्या निर्मात्याच्या हाती ठेवले. एपेक्स लेजंड्स या खेळाने ते वापरले आणि ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस, फसवणुकीचे कारण देऊन, लिनक्सवरील प्रवेश बंद केला. ज्या प्रणालीत कोणीही आपला कर्नल स्वतः बांधू शकतो, तिथे कर्नलच्या शब्दावर विश्वास ठेवणारी सुरक्षा टिकत नाही. निर्मात्यांचे हे म्हणणे खोटे नाही आणि ते हसण्यावारी नेऊ नकोस. खेळाडूचे वर्तन सर्व्हरवर तपासणे हा मला दिसणारा मार्ग आहे, पण तो खर्चाचा आहे आणि तो निवडणे आपल्या हाती नाही. पडदा जोडण्याचे एचडीएमआय मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमनेही २०२४ मध्ये चिप बनवणाऱ्या एएमडीच्या एचडीएमआय २.१ च्या मुक्त ड्रायव्हरला नकार दिला. तिथेही उत्तम कोड तयार असून उपयोग झाला नाही. अशा बंद दारांवर डोके आपटण्यात तुझी विशी घालवू नकोस. व्हॅलोरंट चालवण्याची पळवाट शोधण्यात गेलेला महिना मला वाया गेलेला वाटतो, आणि तो तू घालवलास हे वाचून रागही आला.

स्टुडिओची नोकरी घ्यायची तर खुशाल घे. घरची ओढ मला ठाऊक आहे आणि पगाराला कमी लेखण्याचा अधिकार मला नाही. मात्र सही करण्यापूर्वी दोन गोष्टी वाच. फावल्या वेळातील तुझ्या कामावर कंपनी हक्क सांगते का, हे पाहा. सांगत असेल तर सूट लेखी घे. आणि मायक्रोसॉफ्टचा मूळ कोड ज्याने पाहिला आहे त्याचा कोड वाइन स्वीकारत नाही, हे लक्षात ठेवून त्या वाटेला जाऊ नकोस.

आता माउसच्या दुरुस्तीचे. ती शोधताना तू मायक्रोसॉफ्टची डीएलएल, म्हणजे विंडोजमधील तयार कोडची फाइल, उकलून वाचली असशील, तर ती पाठवू नकोस आणि मला तसे स्पष्ट सांग. नसेल, तर विंडोज तिथे नेमके कसे वागते हे दाखवणारी छोटी चाचणी आधी लिही. ती खऱ्या विंडोजवर चालवून बघ. मग दुरुस्तीचे तीन वेगळे पॅच कर, कारण तुझ्या एकाच पॅचमध्ये नावे बदलणे, मोकळ्या जागा आणि खरा बदल असे सगळे मिसळले आहे. वाइनच्या गिटलॅबवर, म्हणजे कोड तपासणीसाठी मांडण्याच्या संकेतस्थळावर, ते ठेवल्यानंतर कोणी रुक्ष भाषेत चुका दाखवल्या, तर त्याच दिवशी उत्तर देऊ नकोस, पण त्या आठवड्यात नक्की दे. चाचणी तयार झाली की मला पाठव. शनिवारी दुपारी मी ती माझ्याकडील विंडोजवर चालवून पाहीन.

तुझी,
मावशी